हरित कचऱ्यापासून इंधन-पेलेट (ठाणे–नवी मुंबई)

उद्याने, रस्त्याकडेची झाडे आणि गृहसंकुलांची आवारे यांतून निघणाऱ्या फांद्या, काटक्या व वाळलेला पाला यांचा भुगा करून, तो वाळवून, पोलादी साच्याच्या छिद्रांतून मोठ्या दाबाने काढलेल्या कांड्या म्हणजे पेलेट. त्यांची जाडी साधारणतः ६ ते १० मिमी. असते. याच मालाच्या ६० ते ९० मिमी. जाडीच्या कांड्यांना ब्रिकेट म्हणतात. कारखान्यांत त्या ‘व्हाइट कोल’ या नावाने खपतात. भुगा चिकटवायला सहसा वेगळे काही मिसळावे लागत नाही. दाबताना घर्षणाने साचा तापतो, लाकडातले लिग्निन मऊ होते आणि थंड होताना तेच कण बांधून धरते.

या पट्ट्यात गुलमोहर, सोनमोहर, पर्जन्यवृक्ष, देशी बदाम, सुबाभूळ आणि नारळ यांचा माल मुख्य. फेब्रुवारी–मार्चमध्ये पानगळ येते, एप्रिल–मे महिन्यांत पावसाळ्यापूर्वीची छाटणी होते आणि वादळ झाले की उन्मळलेल्या झाडांची भर पडते. मे २०२१ मधील तौक्ते चक्रीवादळात हे दोन्ही शहरांनी पाहिले. नारळाच्या झावळ्यांचे तंतू यंत्राच्या पात्यांभोवती गुंडाळले जातात, म्हणून त्या आधी लहान तोडून घ्याव्या लागतात.

प्रक्रियेचा कस लागतो तो पाण्यापाशी. ताज्या फांदीचे निम्मे वजन पाणीच असते आणि साच्यात जाणाऱ्या भुग्यात ओलावा १० ते १५ टक्क्यांहून अधिक चालत नाही. ओल जास्त असेल तर कांडी फुटते, फारच कमी असेल तर साचा तुंबतो. ५० टक्के ओलाव्याचा एक टन माल १० टक्क्यांवर आणायचा म्हणजे सुमारे ४४५ किलो पाणी उडवावे लागते. हाती सुमारे ५५५ किलो माल उरतो. एवढे पाणी वाळवणी-यंत्रात उडवायला त्या पेलेटमधल्या उष्णतेचा किमान आठवा हिस्सा लागतो, आणि यंत्रातून वाया जाणारी उष्णता धरली तर त्याहून बराच अधिक. डिसेंबर ते मे या काळात हेच काम ऊन फुकट करते. फांद्यांचे तुकडे पसरून अधूनमधून उलथत राहिले की पुरते. म्हणून ठाणे–नवी मुंबईत असा प्रकल्प उभारताना यंत्राच्या क्षमतेआधी वाळवणीच्या अंगणाची आणि पत्र्याच्या शेडची जागा ठरवली पाहिजे. जागेचा भाव पाहता नेमकी तीच गोष्ट कागदावर आखडती घेतली जाते, आणि जूनमध्ये ढिगाला बुरशी धरते. तयार पेलेटलाही पावसाळा सोसत नाही: दमट हवेत ती फुगते, पाणी लागले की पुन्हा भुगा होतो. साठवण बंद पोत्यांत, जमिनीपासून उंच फळ्यांवर करावी लागते.

दुसरी अडचण राखेची. सोललेल्या लाकडात राख एक टक्क्याहून कमी निघते, पाल्यात ती अनेक पटींनी अधिक असते, आणि झाडूने गोळा केलेल्या पाल्याबरोबर माती, वाळू, गुटख्याच्या पुड्या येतात त्या वेगळ्याच. वाळूने साचा झिजतो. गवत आणि पाने यांतील सिलिका व पोटॅशियम भट्टीत वितळून राखेचे दगडासारखे गोळे, म्हणजे क्लिंकर, बनवतात. ते काढण्यासाठी बॉयलर थांबवावा लागला की कारखानदार पुन्हा त्या मालाकडे वळत नाही.

चांगल्या पेलेटचे उष्मांक मूल्य, म्हणजे जळताना मिळणारी उष्णता, किलोमागे ३,५०० ते ४,००० किलोकॅलरीच्या घरात असते. ठाणे–बेलापूर पट्टा, तळोजा आणि भिवंडीच्या सायझिंग (विणण्यापूर्वी सुताला खळ लावणाऱ्या) कारखान्यांतले बॉयलर जवळच असल्याने गिऱ्हाईक दूर शोधायला नको. मात्र बॉयलरला धूळ रोखणारी यंत्रणा हवीच. औष्णिक वीज केंद्रांत कोळशासोबत बायोमास (जैविक मालाच्या) पेलेट जाळण्याचे केंद्र सरकारचे सुधारित धोरण २०२१ मध्ये आले. त्याचा रोख प्रामुख्याने शेतातल्या काडीकचऱ्यावर आहे.

घनकचरा व्यवस्थापन नियम, २०१६ नुसार बागेचा कचरा वेगळा ठेवणे बंधनकारक होते आणि तो उघड्यावर जाळण्यास मनाई होती. तरी सोसायटीच्या कोपऱ्यात पाला पेटवण्याची सवय सुटलेली नाही. तो धूर पहिल्या-दुसऱ्या मजल्यावरच्या मुलांच्या आणि म्हाताऱ्यांच्या छातीत जातो, ही साधी गोष्ट गंभीरपणे घ्यायला हवी.

सगळाच हरित कचरा मात्र पेलेटसाठी नाही. हिरवी पाने, कापलेले गवत, गणेशोत्सवातले निर्माल्य यांची जागा खतखड्ड्यात: ते ओले असतात, राख जास्त देतात आणि त्यांतले नत्र जाळून हवेत घालवण्यापेक्षा मातीला देणे शहाणपणाचे. लवकर न कुजणाऱ्या, खतखड्ड्यात वर्षभर तशाच पडून राहणाऱ्या फांद्या आणि काटक्या हाच पेलेटचा खरा माल. ही निवड छाटणी चालू असताना झाडाखालीच, माळ्याने आणि कामगाराने, दोन वेगळ्या ढिगांत करावी लागते. ट्रकमध्ये सगळे एकत्र दाबले गेल्यावर ती कोणालाच करता येत नाही.