सीपीआर प्रशिक्षणातील कृत्रिम बुद्धिमत्ता

सीपीआर प्रशिक्षणातील कृत्रिम बुद्धिमत्ता : हृदय अचानक बंद पडलेल्या माणसाच्या छातीवर हातांनी दाब देऊन रक्ताभिसरण चालू ठेवण्याचे कौशल्य, म्हणजेच सीपीआर, शिकवण्यासाठी, तपासण्यासाठी आणि टिकवण्यासाठी होणारा स्वयंशिक्षित संगणक प्रणालींचा वापर. दाबांचे मोजमाप करून लगेच चूक सांगणाऱ्या डमी (सरावासाठीचे माणसासारखे पुतळे), कॅमेऱ्यातून शरीराची ठेवण वाचणारी मोबाइल ॲप, बोलून सराव करून घेणारे सहायक आणि आणीबाणीचा फोन ऐकून हृदय बंद पडल्याची शंका घेणाऱ्या प्रणाली त्यात मोडतात. यंत्राच्या मदतीने हात सुधारतो, हे आता बरेचसे मान्य झाले आहे. वेळ आल्यावर तो हात पुढे होईल का, हे मात्र अजून ठरायचे आहे, आणि या तंत्राची खरी परीक्षा तिथेच आहे.

आधुनिक सीपीआरचा पाया १९६० साली अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स येथील विल्यम कौवेनहोव्हेन, जेम्स ज्यूड आणि गाय निकरबॉकर यांच्या शोधनिबंधाने घातला. कौवेनहोव्हेन हे विद्युत अभियंते होते. हृदयाला विजेचा झटका देण्याच्या पट्ट्या कुत्र्याच्या छातीवर जोराने टेकवल्या की रक्तदाब थोडा वाढतो, हे प्रयोग चालू असताना निकरबॉकर यांच्या ध्यानात आले. छाती न उघडता बाहेरून दाबून रक्त फिरवता येते, ही कल्पना त्यातून पुढे आली. त्याच सुमारास नॉर्वेतील खेळणी बनवणारे असमुंड लेर्डाल यांनी सरावासाठी ‘रेसुसी ॲन’ ही डमी तयार केली. या विद्येत यंत्र आणि वैद्यक पहिल्यापासून हातात हात घालून आले आहेत.

प्रौढांसाठीचे निकष थोडक्यात असे : मिनिटाला १०० ते १२० दाब, प्रत्येक दाब ५ ते ६ सेंमी खोल, दाबानंतर छाती पूर्ण वर येऊ देणे आणि मध्ये कमीत कमी खंड पडू देणे. वाचायला सोपे, करायला कठीण. एक-दोन मिनिटांतच दमछाक होऊन दाब उथळ होऊ लागतात, म्हणून दर दोन मिनिटांनी माणूस बदलायला सांगतात. खोली किती झाली हे अनुभवी प्रशिक्षकालाही नुसत्या नजरेने नीट सांगता येत नाही. त्यामुळे अमेरिकन हार्ट असोसिएशनने ३१ जानेवारी २०१९ पासून आपल्या प्रौढ-सीपीआर वर्गांत मोजमाप दाखवणारे साधन सक्तीचे केले. नुसती मोजपट्टी म्हणजे बुद्धिमत्ता नव्हे. या शिकाऊ व्यक्तीचे दाब दीड मिनिटानंतर उथळ होतात, तिच्या कोपरांना बाक येतो, ती छातीवर रेलून राहते, हे ओळखून पुढचा धडा त्याप्रमाणे बदलणे, हे कृत्रिम बुद्धिमत्तेचे काम. कॅमेऱ्यावर चालणाऱ्या पद्धतींना वेग आणि हातांची ठेवण चांगली कळते. एकाच कॅमेऱ्यातून खोली मोजताना मात्र त्या चुकू शकतात, म्हणून डमीतला किंवा मनगटावरचा संवेदक (सेन्सर) सोबत असलेला बरा.

विसरण्याचा प्रश्न याहून मोठा आहे. वर्ग कितीही चांगला झाला, तरी तीन ते सहा महिन्यांत कौशल्य ओसरू लागते. प्रमाणपत्र मात्र सहसा दोन वर्षे चालते. एका दिवसाच्या लांबलचक वर्गापेक्षा थोड्या-थोड्या दिवसांनी केलेला काही मिनिटांचा सराव अधिक टिकतो. गुजरातेतील वडोद्याच्या मराठी माणसाला हे समजावून सांगावे लागू नये. दांडिया बाजारातल्या जुम्मादादा व्यायाम मंदिरात व्यायामगुरू प्रो. माणिकरावांनी पिढ्या घडवल्या, त्या रोजच्या तालमीतून. वर्षातून एकदा भरवलेल्या शिबिरातून नव्हे. उस्ताद रोज शेजारी उभा राहून खांदा, कंबर, पाऊल सुधारतो, तसा सीपीआरचा शिक्षक प्रत्येक गल्लीत मिळणे अशक्य. ती जागा काही अंशी यंत्र भरू शकते. सोसायटीच्या कार्यालयात, व्यायामशाळेत किंवा गणेशोत्सव मंडळाकडे एक डमी कायम ठेवलेली असेल, फोन तिला जोडता येत असेल आणि कोणाचा सराव मागे पडला आहे हे ॲप आठवणीने सांगत असेल, तर हे शिक्षण लोकांच्या अंगवळणी पडेल. प्रस्तुत लेखकाच्या मते या तंत्राचा सर्वांत मोठा उपयोग हाच आहे, आणि महागड्या आभासी वास्तवाच्या चष्म्यांपेक्षा पैसा आधी इथे घातला पाहिजे.

गुजरातमध्ये या विषयाकडे लोकांचे लक्ष वेधले गेले ते २०२३ च्या नवरात्रात. गरबा खेळताना तरुण माणसे कोसळल्याच्या बातम्यांनी घराघरांत काळजी पसरली. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये राज्यभरातील शिक्षकांसाठी सीपीआर प्रशिक्षण झाले. ६ डिसेंबर २०२३ रोजी राष्ट्रीय वैद्यकीय परीक्षा मंडळाने देशव्यापी ऑनलाइन मोहीमही घेतली. अशा मोहिमांनी भीती कमी होते, हे मोलाचेच आहे. पण पडद्यावर पाहिलेला दाब आणि तळहाताला जाणवलेला दाब यांत फार अंतर आहे, आणि ते सरावाखेरीज कमी होत नाही.

हृदय बंद पडण्याच्या बहुतेक घटना घरातच घडतात. तिथे पहिली अडचण असते ती ओळखण्याची. माणूस शुद्धीवर नसतो, पण अधूनमधून आचके दिल्यासारखा श्वास घेतो किंवा घोरल्यासारखा आवाज करतो. घरच्यांना वाटते, श्वास चालू आहे. फोनवर ‘बाबा खाली पडलेत, बोलत नाहीत, नुसते घोरतायत’ असे सांगितले जाते, कोणी तोंडात पाणी घालू पाहते, आणि मिनिटे निघून जातात. सीपीआर किंवा विजेचा झटका मिळाला नाही, तर दर मिनिटाला जगण्याची शक्यता साधारण ७ ते १० टक्क्यांनी घटते. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी घालणे तर धोक्याचेच. वॉशिंग्टन विद्यापीठातील संशोधकांनी २०१९ साली असे आचके स्मार्ट स्पीकर आणि फोनला ऐकून ओळखता येतात असे दाखवले. त्या प्रणालीचे शिक्षण सिॲटलमधील आणीबाणीच्या फोनांच्या ध्वनिमुद्रणांवर झाले होते.

कोपनहेगनचा अनुभव याहून बोलका आहे. तेथील आणीबाणीच्या फोनांच्या नोंदींवर २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात संगणकाने हृदय बंद पडल्याच्या घटना फोन घेणाऱ्या कर्मचाऱ्यांपेक्षा अधिक प्रमाणात ओळखल्या. पुढे प्रत्यक्ष कामात त्यांना संगणकाचा इशारा देऊन पाहिला, तेव्हा त्यांच्या ओळखण्यात लक्षणीय फरक पडला नाही, असे २०२१ च्या चाचणीत आढळले. यंत्राला कळले तरी माणसाने त्यावर विश्वास ठेवून लगेच पुढचा प्रश्न विचारायला हवा, आणि त्यासाठी इशारा ऐकून कृती करण्याचा सराव फोन घेणाऱ्यांनाही द्यावा लागतो.

गुजरातेत १०८ ची रुग्णवाहिका सेवा २००७ पासून आहे. वडोद्यात रावपुरा किंवा दांडिया बाजारातून फोन करणारी मराठी गृहिणी घाबरल्यावर एकाच वाक्यात मराठी आणि गुजराती बोलते. घरात तिच्या तोंडी ‘घरघर लागली’, ‘डोळे फिरवले’ असे शब्द येतात. सरावासाठी बनवलेल्या बोलत्या सहायकाला हे बोलणे कळले पाहिजे. ‘काकू, त्यांना हाक मारा. खांदे हलवा. छाती नीट वर-खाली होतेय का? आता त्यांना पलंगावरून खाली जमिनीवर घ्या’ अशा संवादाची रंगीत तालीम घरी झालेली असेल, तर खऱ्या प्रसंगी फोनवरच्या सूचना लवकर पाळल्या जातील. गादीवर दाबले तर बराचसा जोर गादीच खाते. हे वाचून पटते, पण करून पाहिले की लक्षात राहते.

सर्वसाधारण बोलक्या सहायकांवर मात्र आज विसंबता येत नाही. २०२३ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात सीपीआरबद्दल विचारल्यावर प्रचलित आवाजी सहायकांनी अनेकदा उपयोगाच्या सूचना दिल्याच नाहीत. म्हणून सहायकाने उत्तर स्वतः रचू नये. मान्य कार्यपद्धतीतील वाक्येच बोलावीत आणि सुरुवात १०८ ला फोन करायला सांगूनच करावी. भारतात सामान्य माणसासाठी भूलतज्ज्ञांच्या संघटनेने पुढे आणलेली, तोंडाने श्वास न देता केवळ छातीदाबाची ‘कोल्स’ पद्धत उपलब्ध आहे. ती सोपी असल्याने यंत्राकरवी शिकवायलाही सोयीची आहे. लहान मुले आणि बुडालेल्या व्यक्ती यांच्या बाबतीत श्वास देण्याला महत्त्व असते, ते वेगळे शिकवावे लागते.

सरावाच्या डमी बहुतेक सपाट छातीच्या, पुरुषी असतात. स्त्री कोसळली तर अनोळखी माणसाकडून तिला सीपीआर मिळण्याचे प्रमाण कमी असल्याचे अनेक देशांत दिसले आहे. संकोच हे त्याचे एक कारण. साडीचा पदर बाजूला करावा का, मंगळसूत्र मध्ये आले तर काय करावे, हे प्रश्न इथल्या प्रशिक्षणात मोकळेपणाने घेतले गेले पाहिजेत. परदेशी चित्रफितींवर शिकलेला कॅमेराही जमिनीवर मांडी मोडून बसणारी, साडीतली बाई सीपीआर देताना पाहून तिच्या गुडघ्यांची आणि कोपरांची ठेवण चुकीची वाचू शकतो. इथल्या घरांत, इथल्या पेहरावात, वेगवेगळ्या वयाच्या माणसांचे सराव चित्रित करूनच ही त्रुटी भरून निघेल. त्यासाठी चेहरे आणि आवाज गोळा होणार, म्हणून २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यानुसार स्पष्ट संमती हवी, आणि शाळकरी मुलांच्या बाबतीत ती पालकांकडून घ्यायला हवी. सरावातील गुण नोकरी देणाऱ्याच्या किंवा विमा कंपनीच्या हाती जाता कामा नयेत. तशी धास्ती असली, तर दाब उथळ पडतात हे ठाऊक असलेला माणूस सरावालाच येणार नाही.