मडक्यात मडकं (बिनविजेचा फ्रिज)

एका मोठ्या मडक्यात लहान मडकं बसवायचं, मधल्या फटीत वाळू भरून ती पाण्याने भिजवायची, आत भाजी ठेवून तोंडावर ओलं फडकं टाकायचं, झाला फ्रिज. अरबीत पाण्याच्या मातीच्या भांड्याला झीर म्हणतात, त्यावरून याला झीर पॉट असंही नाव पडलंय.

काम आपल्या माठासारखंच चालतं. बाहेरच्या मडक्याच्या बारीक छिद्रांतून वाळूतलं पाणी पाझरतं, हवेत उडून जातं आणि जाताना उष्णता ओढून नेतं. ही उष्णता थोडीथोडकी नसते, 1 किलो बर्फ वितळताना जेवढी ओढतो त्याच्या साधारण 7 पट 1 लिटर पाणी उडताना ओढतं. म्हणूनच ऑइल पेंट मारलेला माठ दिसायला छान पण पाणी काही गार करत नाही, छिद्रंच बुजलेली ना.

पण सगळं अवलंबून आहे हवा किती कोरडी आहे त्यावर, आणि नेमकं हेच कोणी सांगत नाही. अकोल्याकडे मे महिन्यात 42 डिग्री आणि आर्द्रता 15 टक्के असली तर ओली वस्तू 22 डिग्रीच्या आसपास उतरू शकते (मडकं प्रत्यक्षात थोडं वरच थांबतं), उलट रत्नागिरीला 33 डिग्री आणि 75 टक्के आर्द्रता असेल तर फार तर 29. त्यामुळे कोकणात करून बघितलं आणि जमलं नाही तर मडक्याला दोष देऊ नका.

उत्तर नायजेरियातले शिक्षक मोहम्मद बा अब्बा यांनी 1990 च्या दशकात ही मडकी गावोगाव पोचवली, त्यासाठी त्यांना 2000 सालचा रोलेक्स पुरस्कार मिळाला. तिथली वांगी एरवी 3 दिवसांत खराब व्हायची ती 27 दिवस टिकली असं त्यांच्या प्रयोगात दिसलं. आपल्याकडे गुजरातच्या वांकानेरमधल्या मनसुखभाई प्रजापतींनी मातीचाच कपाटासारखा मिट्टीकूल फ्रिज बनवला, आणि दिल्लीच्या पुसा कृषी संशोधन संस्थेचा शून्य ऊर्जा शीतकक्ष (भाजी-फळं ठेवायचा बिनविजेचा थंड हौद) तर शेतावर विटांच्या दोन भिंती आणि मध्ये 7.5 सेंमी वाळू एवढ्यावर उभा राहतो.

घरी करणार असाल तर मडकी झिलई नसलेली घ्या, सावलीत पण वारा खेळेल अशा जागी तिवईवर ठेवा, बंद कोपऱ्यात ठेवलं तर पाणी उडणारच नाही, आणि वाळूत सकाळ-संध्याकाळ पाणी घाला. आत दमट असल्याने कोथिंबीर, पालक, टोमॅटो सुकत नाहीत, पण त्याच दमटपणामुळे कांदा-लसूण कुजतो, तो बाहेर टांगलेलाच बरा. मासे, मटण यात अजिबात ठेवू नये, त्यांना 4-5 डिग्री लागतात आणि तिथपर्यंत मडकं जात नाही. दुधाचंही तसंच, तापवून ठेवलं तरी त्याच दिवशी संपवायचं.