इंदूरचे दोन नळ: स्थान वेगळं, स्थिती वेगळी

आमच्या सुदामानगरच्या घरात ओट्याशी दोन नळ आहेत, एक बोरिंगचा आणि एक नर्मदेचा. बोरिंगचं पाणी जड आहे. त्यात डाळ लवकर शिजत नाही आणि स्टीलच्या भांड्यांवर पांढरे डाग राहतात. नर्मदा ठरल्या वेळी येते आणि ती आली की घरातलं सगळ्यात मोठं पातेलं आधी तिच्याखाली जातं.

परवा भाची भूगोलाची वही घेऊन आली. वस्तीचं ‘स्थान’ आणि ‘स्थिती’ यांतला फरक विचारला होता आणि तिने दोन्हीकडे एकच वाक्य लिहिलं होतं: ‘इंदूर मोक्याच्या ठिकाणी वसलं आहे.’ “आत्या, दोन्हीचा अर्थ एकच की!” चूक तिची एकटीची नाही. बोलताना आपण ‘ठिकाण’ या एका शब्दात दोन्ही कोंबतो. मी तिला ओट्यापाशी नेलं.

स्थान म्हणजे गावाच्या पायाखाली जे आहे ते: जमीन, दगड, माती, उतार, जवळचं पाणी. स्थिती म्हणजे बाकीच्या जगाशी असलेलं गावाचं नातं: कोणत्या वाटेवर आहे, कोणत्या बाजारपेठेपासून किती लांब, मध्ये घाट आहे की नदी. पडताळा सोपा आहे. नकाशावरून आजूबाजूची सगळी गावं, रस्ते, रूळ पुसून टाकायचे. तरी जे खरं राहतं ते स्थान आणि जे पुसलं जातं ती स्थिती. (अक्षांश-रेखांश ही तिसरीच गोष्ट. तो नुसता पत्ता झाला, त्यावरून गाव तिथे का वाढलं हे कळत नाही.)

प्लॉट घेताना हा फरक आपण आपसूक करतो. खाली काळी माती आहे, पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, म्हणून पाया खोल घ्यावा लागेल, हे स्थान. एबी रोड (आग्रा-मुंबई रस्ता) किती लांब, बस मिळते का, ही स्थिती.

आता इंदूर. माळव्याचं पठार, समुद्रसपाटीपासून सुमारे साडेपाचशे मीटर उंच, खाली बेसाल्ट, वर काळी माती. खान आणि सरस्वती या दोन लहान नद्या. पंढरीनाथजवळचं इंद्रेश्वराचं देऊळ जुन्या वस्तीची खूण आहे; त्याच्यावरूनच गावाला नाव मिळालं असं सांगतात. जमीन बरीचशी सपाट असल्याने शहराला पसरायला अडचण आली नाही. अडचण आली ती पाण्याची, आणि ती स्थानातच आहे. विंध्याचा जलविभाजक, म्हणजे पावसाचं पाणी ज्याच्या दोन बाजूंना वाटलं जातं तो माथा, आपल्या दक्षिणेला अगदी जवळ, महूकडे आहे. तिथल्या जानापावच्या डोंगरात चंबळ उगम पावते. आपल्या अंगणात पडलेला पाऊस खानमधून क्षिप्रेत, चंबळेत, यमुनेत आणि शेवटी बंगालच्या उपसागरात जातो. विंध्याच्या पलीकडे पडलेला नर्मदेतून अरबी समुद्रात. म्हणजे इंदूर नद्यांच्या माथ्याशी बसलं आहे, जिथे प्रवाह अजून बारीक असतात. कृष्णपुऱ्याच्या छत्र्यांपाशी खानचं पात्र पाहिलं की एवढ्या शहराला ती पुरणार नाही हे दिसतंच. म्हणून तलाव झाले, १९३९ मध्ये गंभीर नदीवर यशवंतसागर झाला, तरी तहान भागली नाही.

मग एवढं शहर इथेच का? उत्तर स्थितीत आहे. उत्तरेतून दख्खनकडे जाणाऱ्या वाटेवर, नर्मदा ओलांडण्याआधी, हे गाव पडतं. अठराव्या शतकाच्या आरंभी जमीनदार राव नंदलाल मंडलोई यांनी इथे बाजारपेठ जमवली, मग होळकर आले. अहिल्याबाईंनी कारभार महेश्वराहून केला. १८१८ च्या मंदसौरच्या तहानंतर राजधानी इंदूरला आली. पुढची गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. १८७० च्या सुमारास दुसऱ्या तुकोजीराव होळकरांनी खंडव्याहून इंदूरला रेल्वे यावी म्हणून इंग्रज सरकारला १ कोटी रुपये कर्जाऊ दिले, साडेचार टक्के व्याजाने, १०१ वर्षांच्या मुदतीने. पाताळपाणी-कालाकुंडचा घाट चढून गाडी आली आणि खंडव्यामार्गे इंदूर मुंबईच्या बंदराला जोडलं गेलं. या पैशाने इंदूरच्या मातीचा एक कणही बदलला नाही. बदलली ती स्थिती.

नर्मदेचा नळही तसाच. नदी इथून सुमारे ७० किलोमीटर, तीही विंध्याच्या कड्याखाली. पिढ्यान्‌पिढ्या ती आपल्यासाठी ओंकारेश्वर-महेश्वरच्या स्नानाची होती. १९७० मध्ये नर्मदेच्या पाण्यासाठी इंदूरकर रस्त्यावर उतरले, योजना मंजूर झाली आणि १९७८ मध्ये मंडलेश्वरजवळच्या जलूदहून पंपांनी चढवलेलं पाणी शहरात पोहोचलं. अंतर तेवढंच, नदी तीच, नातं नवं. भाचीला मी एवढंच म्हटलं, “बोरिंगचा नळ म्हणजे तुझं स्थान, नर्मदेचा म्हणजे तुझी स्थिती.” तिने वहीत दोन नळ काढले आणि एकाखाली खडक, तर दुसऱ्यामागे लांबलचक पाइप रंगवला.

उलटा दाखला मांडूचा. पावसाळ्यात आपण सगळे जातो. ती काकडा खोहची दरी आठवा. पठारापासून तुटलेला, दरीने वेढलेला डोंगर, वर तलाव. संरक्षणासाठी याहून चांगलं स्थान माळव्यात क्वचितच सापडेल आणि माळव्याच्या सुलतानांची राजधानी तिथे होती ती उगीच नाही. सुलतानी गेली, सत्तेच्या आणि व्यापाराच्या वाटा दुसरीकडे वळल्या. दरी अजून तेवढीच खोल आहे, पण मांडू आता लहानसं गाव आहे.

म्हणून उत्तर लिहिताना तारीख विचारायची सवय लावावी. स्थान शतकानुशतकं जवळपास तसंच राहतं. स्थितीबद्दल मात्र ‘केव्हाची?’ हे सांगितल्याशिवाय वाक्य पुरं होत नाही. आज इंदूरहून रेल्वेने मुंबईला निघालं की अवंतिका एक्सप्रेस आधी उज्जैन, रतलाम, मग बडोदा असा वळसा घालते. मनमाडकडच्या नातेवाइकांकडे जायचं तर आपण सरळ सेंधवा-धुळ्याची बस धरतो. सप्टेंबर २०२४ मध्ये केंद्र सरकारने इंदूर-मनमाड या ३०९ किलोमीटरच्या नव्या मार्गाला मंजुरी दिली आहे. तो रूळ पडला की भाचीला हे उत्तर नव्याने लिहावं लागेल, त्यातला स्थानाचा परिच्छेद सोडून.