ठासणीच्या रायफलचा बार कसा पारखतात

ठासणीच्या रायफलमध्ये तयार काडतूस नसते. प्रत्येक बार शिकारी स्वतः भरतो. दारूचे माप, शिशाची गोळी, तिच्याभोवती गुंडाळलेली तेलकट चिंधी आणि हे सारे नळीच्या तोंडातून आत ठासणारा लांब गज दाबण्याचा जोर, यांपैकी एकही गोष्ट बदलली की गोळी वेगळ्या जागी लागते. त्यामुळे शिकारीआधी बार पारखून घ्यावाच लागतो, आणि ही पारख वेगापेक्षा सातत्याची असते, हे सुरुवातीलाच ध्यानात घेतलेले बरे.

जास्त दारू म्हणजे जास्त जोर, हा समज अर्धवट खरा आहे. 1742 साली बेंजामिन रॉबिन्स या इंग्लिश गणितज्ञाने टांगलेल्या लाकडी ठोकळ्यावर गोळी झाडून, ठोकळा किती झुलतो यावरून गोळीचा वेग काढण्याची पद्धत प्रसिद्ध केली. वेगवान गोळीला होणारा हवेचा विरोध तोवरच्या कल्पनेपेक्षा कितीतरी मोठा असतो, हे त्याच्या प्रयोगांतून दिसून आले. साडेबारा मिलिमीटर व्यासाची, सुमारे साडेअकरा ग्रॅम वजनाची शिशाची गोल गोळी सेकंदाला 600 मीटर वेगाने निघाली, तर तिच्यावरील हवेचा विरोध तिच्या वजनाच्या सुमारे दोनशेपट भरतो. शंभर मीटर अंतर कापेपर्यंत तिची साधारण एक-तृतीयांशच ऊर्जा शिल्लक राहते. जादा दारू घालून नळीच्या तोंडाशी मिळवलेला वेग लक्ष्यापर्यंत जाताजाता निम्म्यावर येतो; वाढलेला धक्का मात्र खांद्याला पुरेपूर बसतो.

नळीच्या आतली गोष्ट याहून गुंतागुंतीची आहे. काळ्या दारूत वजनाने साधारण 75 टक्के सोरा, 15 टक्के कोळसा आणि 10 टक्के गंधक असते. ती जळल्यावर निम्म्याहून कमी भागाचा वायू होतो आणि उरलेला भाग मुख्यतः पोटॅशियमच्या क्षारांच्या रूपात मागे राहतो. काही पांढऱ्या धुरातून बाहेर पडतो, काही नळीला चिकटतो. हे क्षार हवेतील ओल शोषतात, म्हणून दमट हवेत ही काजळी मऊ राहते आणि कोरड्या हवेत तिची खरखरीत खपली धरते. दुसरी गोळी ठासताना हाताला जाणवणारा अडथळा तो हाच, आणि त्यामुळेच दुसऱ्या बाराचा दाबही पहिल्यासारखा राहत नाही. चाचणीत प्रत्येक बारानंतर नळी आधी ओलसर आणि मग कोरड्या फडक्याने पुसतात, ते यासाठी.

चाचणीतील सर्वांत बोलका पुरावा कागदी लक्ष्यावर नसून नळीच्या तोंडापुढे काही पावलांवर जमिनीवर पडलेला असतो, असे माझे मत आहे. गोळीभोवतीची सुती चिंधी तिथे गळून पडते. ती उचलून उलगडावी. मध्यभागी काळा डाग, कडा किंचित विसकटलेल्या आणि बाकी कापड शाबूत असेल, तर चिंधीने नळीच्या आतून वळत गेलेल्या खाचा नीट पकडून गोळीला फिरकी दिली आहे. कापड जळून भोक पडले असेल, तर जाडी किंवा तेल कमी पडून गरम वायू गोळीच्या बाजूने निसटला आहे. नियमित अंतरावर सुरीने कापल्यासारख्या चिरा दिसल्या, तर खाचांच्या किंवा नळीच्या तोंडाच्या धारदार कडा कापड फाडत आहेत. अशा वेळी दारू कमीजास्त करून काही साधत नाही.

फिरकीचेही गणित आहे. गोल गोळीला मंद फिरकी पुरते. तिच्यासाठीच्या नळीत खाचांचा एक पूर्ण वळसा साधारण 120 ते 180 सेंटिमीटरांत होतो. लांबट गोळी हवेत कोलमडू नये म्हणून तोच वळसा सुमारे 70 सेंटिमीटरांवर आणावा लागतो. अशा जलद वळशाच्या नळीतून गोल गोळी भारी दारूने झाडली, तर चिंधी खाचांची पकड सोडण्याची शक्यता वाढते.

माप हलके ठेवून सुरुवात करावी, रायफलच्या उत्पादकाने ठरवलेली मर्यादा कधीही ओलांडू नये, आणि दारू दर टप्प्याला 5 ग्रेन, म्हणजे सुमारे एक-तृतीयांश ग्रॅम, इतकीच वाढवावी. एका वेळी एकच गोष्ट बदलावी. गोळी दारूवर टेकलेली असलीच पाहिजे, मध्ये पोकळी राहिली तर नळी फुगू किंवा फुटू शकते. म्हणून गोळी दारूवर टेकल्यावर गज जिथवर आत जातो, तिथे गजावर खूण करून ठेवतात. काळ्या दारूसाठी बनवलेल्या नळीत आधुनिक धूरविरहित दारू भरणे तर प्राणघातक आहे.

तीन गोळ्या जवळजवळ लागल्या, तर तो निव्वळ योगायोगही असू शकतो. दहा गोळ्यांचा पसारा अधिक खरे सांगतो. शिवाय शिकारीतला निर्णायक बार बहुधा स्वच्छ, थंड नळीतून सुटतो. म्हणून वेगवेगळ्या दिवशीचा पहिलाच बार एकाच कागदावर जमवत जाणे ही माझ्या मते खरी कसोटी आहे. हरणाच्या हृदय-फुफ्फुसांचा भाग साधारण वीतभर रुंद असतो. हे पहिले बार ज्या अंतरापर्यंत तेवढ्या वर्तुळात राहतात, ते त्या बाराचे शिकारीचे अंतर, मग गोळी त्यापुढे कितीही दूर पोहोचत असो.