पृष्ठताण आणि अपुऱ्या दिवसांचं बाळ

१८९१ च्या जानेवारीत इंग्लंडचे नामवंत भौतिकशास्त्रज्ञ लॉर्ड रॅले यांना जर्मनीहून एक पत्र आलं. लिहिणारी होती ॲग्नेस पोकेल्स. ब्राउनश्वाइग शहरात आजारी आईवडिलांचं पाहत घर चालवणारी, वय अठ्ठावीस. मुलींना त्या काळी तिथल्या विद्यापीठाची दारं बंद होती, त्यामुळे भौतिकशास्त्र ती धाकट्या भावाने मिळवून दिलेल्या पुस्तकांवरून शिकली. प्रयोगाचं साहित्य म्हणजे पत्र्याचं एक लांबट उथळ पन्हाळ, काठोकाठ भरलेलं पाणी, त्यावर आडवी सरकवता येईल अशी पत्र्याची पट्टी आणि एक छोटं बटण. पाण्याला टेकलेलं बटण सुटून यायला किती ओढ लागते, हे ती तराजूने मोजत असे.

तिला दिसलं ते असं. पाण्यावर तेलकटपणाचा अगदी विरळ थर असेल तर त्या पृष्ठाचा ताण स्वच्छ पाण्याइतकाच भरतो. पट्टी सरकवून तोच थर थोड्या जागेत कोंडत नेला की एका ठरावीक टप्प्यावर ताण एकदम उतरू लागतो. रॅले यांच्या पत्नीने पत्राचं इंग्रजी भाषांतर केलं, रॅले यांनी ते शिफारशीसह ‘नेचर’कडे पाठवलं आणि मार्चमध्ये ते छापून आलं. पुढे अमेरिकन रसायनशास्त्रज्ञ अर्व्हिंग लँगम्युअर यांनी हेच उपकरण सुधारून वापरलं आणि पृष्ठरसायनातल्या कामासाठी १९३२ चं नोबेल मिळवलं. पन्हाळीला आज नाव आहे ते लँगम्युअर यांचं. पोकेल्सबाईंचं नाव त्यात असायला हवं होतं, असं मला मनापासून वाटतं.

पृष्ठताण आपण शाळेत शिकलेलो असतो. पाण्याच्या आतल्या रेणूला चहूबाजूंनी शेजारी असतात, त्यामुळे सगळ्या ओढी एकमेकींना तोलतात. पृष्ठावरच्या रेणूला वरून कोणी ओढणारं नसतं. म्हणून पाणी आपलं पृष्ठ शक्य तितकं आक्रसून घेतं आणि थेंब गोल होतो. २५ अंश सेल्सिअसला शुद्ध पाण्याचा हा ताण मीटरला सुमारे ७२ मिलिन्यूटन असतो. साबणासारख्या रेणूंचं एक टोक पाण्यात रमतं आणि दुसरं पाणी टाळतं. असे रेणू पृष्ठावर दाटले की ताण तिशीच्या आसपास येतो. अशा पदार्थांना सर्फॅक्टंट म्हणतात.

अळवावरचं पाणी टिकत नाही, ते याच ताणामुळे. जर्मनीतल्या बॉन विद्यापीठाचे विल्हेल्म बार्थलॉट आणि ख्रिस्तोफ नाइनहुइस यांनी १९९७ मध्ये कमळाच्या पानाचा असाच अभ्यास प्रसिद्ध केला. पानावर मेणाचे अतिसूक्ष्म उंचवटे असतात, थेंब फक्त त्यांच्या टोकांवर टेकतो आणि जाता जाता धूळही घेऊन जातो. पानाला हे सोयीचं, फवारणी करणाऱ्याला मात्र नाही. कांद्याची पात आणि कोबीही मेणचट. औषधाचे थेंब त्यांवरून घरंगळून मातीत जातात. म्हणून पंपात औषधाबरोबर स्टिकर, म्हणजे थेंब पानावर धरून ठेवणारा सर्फॅक्टंट, घालतात. सिलिकॉनवर आधारित चांगला स्टिकर फवाऱ्याचा ताण २०-२२ पर्यंत आणतो आणि थेंब पानावर पसरतो.

पण द्रवयांत्रिकीच्या अभ्यासकांना इथे एक अडचण दिसली. वेगाने आलेला थेंब पानावर आपटला की काही मिलिसेकंदांत चपटा होतो आणि तितक्याच झटक्यात आक्रसून उसळी घेतो. चपटं होताना जे नवं पृष्ठ तयार होतं, तिथवर सर्फॅक्टंटचे रेणू पोचायला वेळ लागतो आणि तोवर थेंब उडालेला असतो. २००० साली फ्रान्समधल्या संशोधकांनी दाखवलं की पाण्यात लांब साखळीचं पॉलिमर अगदी थोडं मिसळलं तर थेंबाचं आक्रसणं मंदावतं आणि उसळी थांबते. स्टिकरच्या बाटलीवरचा स्थिर ताणाचा आकडा पुरेसा नाही, ताण किती लवकर उतरतो हेही पाहावं लागतं. हा मुद्दा पुढे फुप्फुसातही भेटणार आहे. आणि स्टिकर जास्त म्हणजे परिणाम जास्त, हा समज चुकीचा. ताण गरजेपेक्षा उतरला की औषधाचा पातळ थर पानाच्या कडेवरून वाहून जातो.

दातांच्या डॉक्टरांचं बरंचसं कामही ओलं होण्या-न होण्यावर चालतं. वरची कवळी टाळूला धरून राहते ती लाळेच्या पातळ थरामुळे. ज्यांचं तोंड कोरडं पडतं त्यांची कवळी सैल होते. दाताच्या रंगाचं जे फिलिंग आज सर्रास करतात, त्याचा पाया १९५५ मध्ये अमेरिकेतल्या रॉचेस्टर इथे मायकेल ब्युओनोकोर यांनी घातला. रंग घट्ट बसावा म्हणून कारखान्यांत धातूवर फॉस्फोरिक ॲसिडची प्रक्रिया करत, ते त्यांना ठाऊक होतं. त्यांनी तेच ॲसिड दाताच्या एनॅमलवर, म्हणजे बाहेरच्या कठीण थरावर, ३० सेकंद लावून पाहिलं. गुळगुळीत एनॅमल सूक्ष्म पातळीवर खडबडीत झालं, फिलिंगचं पातळ रेझिन (प्लास्टिकसारखा घट्ट होणारा द्रव) त्यावर नीट पसरून खाचांत उतरू लागलं आणि घट्ट झाल्यावर तिथेच रुतून बसलं. ॲसिड लावून झाल्यावर डॉक्टर कापसाचे बोळे ठेवून लाळ इतक्या काळजीने का अडवतात, त्याचं उत्तर यातच आहे. लाळेचा थर बसला की रेझिन दातापर्यंत पोचत नाही.

गोठ्यात प्रश्न उलटा आहे. गाय दिवसभर कोटीपोटात वायू तयार करते आणि ढेकर देऊन बाहेर टाकते. कोवळी लसूणघास किंवा बरसीम भरपूर खाल्ली की त्या चाऱ्यातली विरघळणारी प्रथिनं आणि पानांचे बारीक अंश मिळून पोटात चिवट फेस करतात. वायू बुडबुड्यांत अडकतो, वर साठत नाही, त्यामुळे ढेकर येत नाही. डावी कूस फुगते, पोट छातीवर दाबतं, श्वास कोंडतो आणि वेळेत उपाय झाला नाही तर जनावर काही तासांत दगावतं. साध्या पोटफुगीत नळी घालून वायू काढता येतो. फेसाळ पोटफुगीत नळीतून फेसाशिवाय फारसं काही येत नाही, कारण वायू मोकळा नसतोच. इथे फेस मोडावा लागतो. गोडं तेल किंवा सिलिकॉनचं फेसनाशक बुडबुड्याच्या पातळ पडद्यात शिरून पसरतं, पडदा त्या जागी विरळ होऊन फुटतो आणि बुडबुडे एकमेकांत मिसळून वायू सुटतो. न्यूझीलंडमध्ये गेल्या शतकाच्या मध्याला याच कारणासाठी कुरणांवर तेल फवारत असत. तेल पाजताना मात्र मान वर ताणून आणि जीभ ओढून ओतू नये. ते श्वासनलिकेत गेलं तर जनावर न्यूमोनियाने जातं. डॉक्टर नळीने थेट पोटात सोडतात, तोच मार्ग चांगला.

आता फुप्फुस. प्रौढ माणसाच्या फुप्फुसांत सुमारे ४८ कोटी वायुकोश असतात. प्रत्येक जेमतेम ०.२ मिलिमीटरचा आणि आतून ओला. ओलं म्हणजे पृष्ठ आलं, पृष्ठ म्हणजे ताण आला, आणि हा ताण कोशाला मिटवू पाहतो. मिटवणारा दाब त्रिज्येच्या व्यस्त प्रमाणात असतो, असं लाप्लास यांचं सूत्र सांगतं. कोश जितका लहान तितका दाब मोठा. आत नुसतं पाणी असतं तर ०.१ मिलिमीटर त्रिज्येच्या कोशाला उघडं ठेवायला सुमारे १५ सेंटिमीटर पाण्याच्या स्तंभाइतका दाब सतत लागला असता. कोश निम्मा झाला तर दुप्पट. म्हणजे श्वास सोडताच लहान कोश मिटायला हवेत. ते मिटत नाहीत.

याचा पहिला धागा १९२९ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या कुर्ट फॉन नीरगार्ड यांना सापडला. फुप्फुस हवेऐवजी द्रवाने फुगवलं तर कितीतरी कमी दाब पुरतो, हे त्यांनी दाखवलं. आत द्रव भरला की हवा आणि द्रव यांच्यामधलं पृष्ठच उरत नाही. फुप्फुसाच्या ओढीत पृष्ठताणाचा वाटा मोठा आहे, असा त्याचा अर्थ. ते काम जवळजवळ विसरलं गेलं. पुढचे धागे आले लष्करी प्रयोगशाळांतून, जिथे विषारी वायूंचा फुप्फुसावरचा परिणाम अभ्यासत होते. १९५५ मध्ये इंग्लंडमधल्या रिचर्ड पॅटल यांच्या लक्षात आलं की फुप्फुसातून आलेल्या फेसाचे बुडबुडे विलक्षण टिकाऊ आहेत. १९५७ मध्ये अमेरिकेत जॉन क्लेमेंट्स यांनी फुप्फुसाचा अर्क लँगम्युअर पन्हाळीत पसरला आणि पृष्ठ आलटून पालटून आक्रसवलं, फैलावलं. ताण ४६ वरून थेट १० पर्यंत उतरला.

पोकेल्सबाईंची पट्टी आपल्या प्रत्येक श्वासात सरकते आहे. श्वास सोडताना कोशाचं पृष्ठ आक्रसतं, त्यावरचे सर्फॅक्टंटचे रेणू दाटतात आणि मिटण्याचा धोका जेव्हा सर्वांत जास्त, नेमका तेव्हाच ताण जवळजवळ शून्यावर येतो. मला या विषयातली यापेक्षा सुंदर गोष्ट माहीत नाही.

हे सर्फॅक्टंट बाळाच्या फुप्फुसात साधारण २४ व्या आठवड्यानंतर बनू लागतं आणि पुरेसं साठायला ३४-३५ वा आठवडा उजाडतो. त्याआधी जन्मलेली कित्येक बाळं जन्मतःच धाप लागून, कण्हत, निळी पडून एकदोन दिवसांत जात. फुप्फुसात दिसणाऱ्या एका पडद्यामुळे हे होतं, असा समज होता. १९५९ मध्ये बॉस्टनमध्ये मेरी एलन एव्हरी आणि जेरी मीड यांनी अशा मृत बाळांच्या फुप्फुसांचा अर्क तपासला. त्यात ताण उतरतच नव्हता. पडदा हा परिणाम होता, मूळ कारण होतं सर्फॅक्टंट नसणं.

कारण कळलं तरी उपाय नव्हता. ऑगस्ट १९६३ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांचा मुलगा पॅट्रिक साडेपाच आठवडे आधी जन्मला, सुमारे २.१ किलो वजनाचा. देशातली उत्तम डॉक्टरमंडळी हाताशी असूनही तो ३९ तासांत गेला. सर्फॅक्टंटमधला मुख्य मेद फवाऱ्याने आत सोडायचे प्रयत्न त्या दशकात झाले आणि फसले. हा मेद ४१ अंशांना वितळतो, म्हणजे ३७ अंशांच्या शरीरात घट्टच राहतो. दाटल्यावर ताण उतरवायला तो उत्तम, पण नव्या पृष्ठावर झटपट पसरणं त्याला एकट्याला जमत नाही. फवाऱ्यातल्या थेंबाची अडचण ती हीच. पसरवायचं काम सर्फॅक्टंटमधली थोडी प्रथिनं करतात, हे पुढे उमगलं. १९८० मध्ये जपानच्या अकिता इथले तेत्सुरो फुजिवारा यांनी गाईच्या फुप्फुसापासून केलेलं सर्फॅक्टंट दहा बाळांच्या श्वासनलिकेत सोडलं आणि त्यांचा प्राणवायू सुधारला. आजही नवजात अतिदक्षता विभागात वापरलं जाणारं बरंचसं सर्फॅक्टंट गाईच्या किंवा डुकराच्या फुप्फुसातून येतं.

दुसरा मार्ग मेंढीकडून आला. न्यूझीलंडमधल्या ऑकलंडमध्ये डॉक्टर ग्रॅहम लिगिन्स प्रसूतीच्या कळा कशाने सुरू होतात ते मेंढ्यांवर शोधत होते. पोटातल्या कोकराला स्टेरॉइड दिल्यावर ते फार आधी जन्मलं. इतक्या लवकर जन्मलेलं कोकरू श्वास घेऊच शकत नाही, पण हे घेत होतं, आणि त्याच्या फुप्फुसात थोडी हवा भरलेली सापडली. लिगिन्स आणि बालरोगतज्ज्ञ रॉस हॉवी यांनी मुदतीआधी बाळंत होऊ घातलेल्या २८२ मातांवर स्टेरॉइडच्या इंजेक्शनाची चाचणी घेतली आणि १९७२ मध्ये निकाल दिला. श्वासाचा हा विकार औषध न दिलेल्या गटात २५.८ टक्के बाळांना, दिलेल्या गटात ९ टक्के. औषध स्वस्त, इंजेक्शनं मोजकी. तरीही अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या तज्ज्ञ परिषदेने त्याची ठाम शिफारस करायला १९९४ साल उजाडलं. बावीस वर्षं! या काळात जी बाळं वाचू शकली असती, त्यांचा विचार मनातून जात नाही.

मग हे इंजेक्शन गावोगाव का पोचवू नये? सहा देशांत, जवळपास एक लाख जन्मांवर, तशी चाचणी झाली. आपल्याकडची ठिकाणं होती नागपूर आणि बेळगाव. २०१५ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापलेला निकाल धक्का देणारा होता. अगदी लहान बाळांचे मृत्यू कमी झाले नाहीत आणि एकूण नवजात मृत्यू उलट जास्त निघाले. औषध पोचवलेल्या गावांत हजारी २७.४, एरवीच्या गावांत २३.९. मातांमध्ये जंतुसंसर्गाचा संशयही अधिक दिसला. किती आठवडे झालेत याची खात्री नसताना, पुढे पूर्ण दिवस भरून बाळंत झालेल्या अनेक बायकांनाही औषध गेलं होतं.

जागतिक आरोग्य संघटनेने मग भारत, बांगलादेश, पाकिस्तान, केनिया आणि नायजेरियातल्या २९ रुग्णालयांत नवी चाचणी घेतली. आठवडे सोनोग्राफीने पक्के केलेले, गर्भ २६ ते ३३ आठवड्यांचा, आणि जन्मानंतर बाळाची काळजी घ्यायला पुरेशी सोय. २०२० मध्ये निकाल आला. डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड दिलेल्या गटात नवजात मृत्यू १९.६ टक्के, न दिलेल्या गटात २३.५. मातांना संसर्गाचा वाढीव धोका दिसला नाही. फायदा इतका स्पष्ट होता की चाचणी मुदतीआधीच थांबवली गेली.

म्हणून गरोदरपणाच्या पहिल्या तीन महिन्यांतली सोनोग्राफी महत्त्वाची. आठवडे तेव्हाच सर्वांत अचूक ठरतात. चौतिसाव्या आठवड्याआधी कळा आल्या, पाणी गेलं किंवा अंगावरून रक्त गेलं, तर सोनोग्राफीचा तो कागद घेऊन लगेच नवजात अतिदक्षता विभाग असलेल्या रुग्णालयात जावं. इंजेक्शनाला आपलं काम करायला काही तास मिळावे लागतात.