खिळा लागणं वेगळं, वापरलेली सुई टोचणं वेगळं

शाळेत कचरा काढताना मावशींना नाहीतर शिपाईमामांना वापरलेली इंजेक्शनची सुई टोचली की ऑफिसातून ठरलेला सल्ला येतो, "टीटी घेऊन या, काही होत नाही." पायात खिळा गेला असता तर ठीक होतं. वापरलेल्या सुईला हा सल्ला अर्धवट आहे, आणि त्या नादात नेमका कामाचा वेळ निघून जातो, हे वर्षानुवर्षं बघून वैताग आलाय.

खिळ्याचं सगळ्यांना माहितीये. मातीतला, शेणातला धनुर्वाताचा जंतू खोल जखमेत शिरतो म्हणून इंजेक्शन (आता टीटीऐवजी टीडी देतात), विषय संपला.

सुई आतून पोकळ असते आणि तिच्यात दुसऱ्याचं रक्त उरलेलं असू शकतं. म्हणजे भीती हिपॅटायटिस बी, हिपॅटायटिस सी (दोन्ही यकृताचे आजार) आणि एचआयव्हीची, आणि यातल्या एकालाही टीटी अडवत नाही. डॉक्टर टीटी देतील तर घ्या की, पण ते घेऊन घरी गेलात तर खऱ्या धोक्यासाठी काहीच केलेलं नसतं. एचआयव्ही टाळायला पेप नावाचा 28 दिवसांचा गोळ्यांचा कोर्स असतो, तो 72 तासांच्या आत सुरू व्हायला लागतो आणि खरं तर पहिल्या दोन तासांत झाला तर उत्तम. शनिवारी सकाळच्या शाळेत टोचली आणि सोमवारी हेडमास्तर आल्यावर बघू म्हटलं की दोन दिवस गेलेच. सगळ्यांना तो कोर्स लागतोच असं नाही, पण ते डॉक्टर ठरवतील, ऑफिसातल्या क्लार्कने ठरवायचं नाही.

आणि सगळे फक्त एड्सलाच घाबरतात, हे मला अजिबात पटत नाही. रुग्णाच्या ताज्या रक्ताच्या सुईनेसुद्धा एचआयव्ही लागायची शक्यता 1000 मध्ये 3 च्या आसपास, टाकून दिलेल्या जुन्या सुईने तर त्याहून बरीच कमी. हिपॅटायटिस बी मात्र लस न घेतलेल्या माणसाला 100 पैकी 30 पर्यंत लागू शकतो आणि त्याचा विषाणू वाळलेल्या रक्तातही सात दिवस तग धरतो. त्याची लस बाळांच्या सरकारी लसीकरणात देशभर 2011 च्या सुमारास आली, म्हणजे आज पन्नाशीच्या मावशींना ती मिळालेली असण्याची शक्यता कमीच. टोचल्यावर 24 तासांत लस, गरज पडली तर सोबत इम्युनोग्लोब्युलिन (तयार अँटीबॉडीचं इंजेक्शन), एवढं केलं तर हा आजार बऱ्याचदा टळतो. सी साठी आधी घ्यायचं औषध नाही, पण वेळेवर तपासणी झाली तर तो गोळ्यांनी बरा होतो.

टोचल्याटोचल्या वाहत्या पाण्याखाली साबणाने धुवा, बस. बोट पिळून रक्त काढू नका, तोंडात घालू नका, स्पिरिट किंवा डेटॉल चोळू नका. पिळायची सवय तर इतकी मुरलीये की चांगले शिकलेले शिक्षकही शेजारी उभं राहून "दाबा, दाबा" म्हणतात. सुई तपासायला दवाखान्यात न्यायचीही गरज नाही, रक्त तुमचं तपासायचंय, त्याच दिवशी आणि नंतर डॉक्टर सांगतील तेव्हा पुन्हा.

सुई वर्गातल्या मुलाच्या इन्सुलिन पेनची की मैदानामागे सापडलेली, या वादात वेळ घालवू नका. डॉक्टरांना सांगा, पण पोचा आधी. जिल्हा रुग्णालय नाहीतर मेडिकल कॉलेजची कॅज्युअल्टी गाठा, पेप सरकारीत मोफत असतं, आणि कुठे जायचं कळत नसेल तर 1097 या सरकारी एड्स हेल्पलाइनला फोन लावा.

आणि मावशी, भरलेली काळी पिशवी हाताने खाली दाबून अजून कचरा कोंबू नका. सुई तिथूनच वर येते. दिसली तर चिमट्याने उचलून जाड प्लास्टिकच्या डब्यात टाका, टोपण परत बसवायला जाऊ नका, आणि तो डबा शाळेनेच आणून द्यायला हवा.