कॅटाची छाटणी

तासगाव तालुक्यात माझ्या मामांची द्राक्षबाग आहे. लहानपणी फळछाटणीनंतर काही आठवड्यांनी बागेत गेलं की एक दृश्य जिवाला लागायचं. बायका कात्रीने चांगले हिरवे घड कापून खाली टाकत असायच्या. मामा म्हणायचे, वेलीची ताकद ठरलेली असते, घड जास्त ठेवले तर एकही धड पोसत नाही. हे मला मनापासून पटलं ते फार पुढे, सांगलीच्या विश्रामबागेतल्या खोलीत पत्त्यांचा एक व्हिडिओ गेम एका रात्रीत चौथ्यांदा हरल्यावर.

या प्रकारच्या गेमना ‘रोगलाइक डेकबिल्डर’ म्हणतात. पहिला शब्द आला ‘रोग’ (Rogue, आजार नव्हे) या १९८० सालच्या कॉम्प्युटर गेमवरून. त्यात भुयाराचा नकाशा दर वेळी नवा तयार व्हायचा आणि मेलं की सगळं पहिल्यापासून. पत्त्यांचा भाग आला २००८ च्या ‘डोमिनियन’ या टेबलावरच्या खेळातून. तिथे आपला कॅट खेळता खेळता आपणच जमवायचा असतो. ‘स्ले द स्पायर’ने या दोन कल्पनांची गाठ पक्की बांधली. २०१७ मध्ये तो अर्ध्या तयारीत लोकांच्या हाती आला आणि जानेवारी २०१९ मध्ये पूर्ण झाला. त्यानंतर अशा गेमची रीघ लागली.

‘स्ले द स्पायर’मधल्या पहिल्या योद्ध्याकडे सुरुवातीला १० पत्ते असतात आणि दर फेरीला हातात ५ येतात. लढाई जिंकली की बहुधा तीन नवे पत्ते समोर येतात, त्यातला एक घ्या. नवखा माणूस दर वेळी घेतो. फुकट मिळतंय, कशाला सोडा? मीही तेच करायचो, आणि शेवटी हातात नेमके नको ते पत्ते यायचे.

यामागचं गणित साधं आहे. समजा, तुमच्याकडे दोन पत्ते असे आहेत की ते एकत्र आले तरच मोठा घाव बसतो. १० पत्त्यांच्या कॅटातून पहिल्या पाचांत दोन्ही येण्याची शक्यता २२ टक्के. कॅट २० चा झाला की ती ५ टक्क्यांवर येते आणि ३० चा झाला की जेमतेम २.३ टक्क्यांवर. म्हणजे कॅट दुप्पट केला तर जोडी जमण्याची शक्यता चौथ्या हिश्श्याहूनही खाली जाते. म्हणून गेममधल्या दुकानात पत्ता काढून टाकायला चक्क पैसे मोजावे लागतात. पहिल्यांदा ७५ सुवर्णनाणी, मग दर खेपेला २५ जास्त. पदरचे पैसे देऊन स्वतःचाच पत्ता फेकून देताना मला पहिल्यांदा ते कापलेले हिरवे घड आठवले.

दुसरी खुबी नशिबाच्या जागेत आहे. फासा टाकायच्या खेळात आधी आपण ठरवतो, मग नशीब बोलतं. ठरवलेलं बरोबर असूनही फासा उलटा पडतो आणि हात चोळत बसावं लागतं. इथे बहुतेक वेळा पत्ते आधी हातात येतात, शत्रू या फेरीत काय करणार तेही त्याच्या डोक्यावर दिसतं, आणि मग निर्णय आपला. गणपतीच्या जागरणात मेंढीकोट खेळलेल्या कुणालाही हे ओळखीचं वाटेल. वाटलेली पानं बदलता येत नाहीत, पण चारही दश्शे समोर गेले तर भिडू वाटणाऱ्याला बोल लावत नाही, तुम्हालाच विचारतो की हुकूम कधी काढला होतास.

तरीही ‘अजून एकच डाव’ का होतं? मेंदूत डोपामिन हे रसायन सोडणाऱ्या पेशींवर वोल्फ्राम शुल्ट्झ या मेंदूशास्त्रज्ञाने माकडांमध्ये प्रयोग केले. फळाचा रस अनपेक्षितपणे मिळाला की या पेशी उसळतात, ठरलेला मिळाला की गप्प राहतात आणि अपेक्षित रस चुकला की मंदावतात. २००३ च्या एका प्रयोगात रस मिळण्याची शक्यता निम्मी-निम्मी असताना वाट पाहण्याच्या काळातली हालचाल सर्वांत जास्त दिसली. पत्ता उलटण्याआधीचा क्षण असाच असतो.

२००९ मध्ये ल्यूक क्लार्क हे संशोधक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं की जुगाराच्या यंत्रावर थोडक्यात हुकलेला डाव लोकांना नकोसा वाटतो, तरी पुढे खेळण्याची इच्छा वाढवतो. शेवटच्या राक्षसाच्या जिवाचे चार गुण उरलेले असताना हरलं की मला हेच होतं. फरक मला मोलाचा वाटतो तो असा, की यंत्रावरच्या हुकण्यातून शिकण्यासारखं काही नसतं, इथे बहुधा असतं. २०२४ मध्ये आलेल्या ‘बालात्रो’ या अशाच गेममध्ये पोकरची पानं असल्यामुळे युरोपच्या मानांकन संस्थेने त्याला १८ वर्षांवरचा शिक्का मारला होता. त्यात खरा पैसा पणाला लावायचा नसतो की जिंकायचा नसतो. अपिलानंतर २०२५ मध्ये तो शिक्का १२ वर आला, ते योग्यच झालं.

खरा त्रास वेगळाच आहे. सांगली बुद्धिबळाचं गाव. भाऊसाहेब पडसलगीकरांच्या नूतन बुद्धिबळ मंडळामुळे इथल्या घराघरांत पट माहीत झाला. पटावर हरलं तर चूक आपलीच, आणि ती शोधून सापडते. पत्त्यांत हरलं की निर्णय चुकला की पानं वाईट आली, हे एका डावावरून सांगता येत नाही. समजा, मी खेळण्याची पद्धत बदलली आणि सलग तीन डाव हरलो. त्यातून काय कळलं? जवळजवळ काहीच नाही. निम्मे डाव जिंकणाराही दर आठ वेळांत एकदा सलग तीन हरतो. १०० डाव खेळलो तरी माझ्या जिंकण्याच्या टक्केवारीचा अंदाज दहा टक्के वर किंवा खाली सरकू शकतो. एकेका डावाला तासभर लागतो. ही संख्याशास्त्राची शिक्षा मनाला मान्य होत नाही, ते लगेच गोष्ट रचून मोकळं होतं.

पण या गेममध्ये एक सोय आहे. प्रत्येक डाव एका आकड्यातून उगवतो, त्याला ‘सीड’ म्हणतात, म्हणजे बी. तोच आकडा पुन्हा घातला की तोच नकाशा येतो आणि तीच सुरुवात होते. मग त्याच परिस्थितीत वेगळा निर्णय घेऊन बघता येतो. प्रयोगशाळेत बाकी सगळं स्थिर ठेवून एकच गोष्ट बदलतात, तसंच हे.

गेल्या दिवाळीत मी मामांना हे दाखवलं. त्या वर्षी फुलोऱ्यात पाऊस सापडला होता आणि घडकुजीने बागेचा बराच भाग गेला होता. मोबाइल हातात धरून त्यांनी तो आकडा नीट पाहिला.

“म्हंजे तेच दिवस परत येत्यात?”

“हो मामा. सगळं तसंच.”

“मग मी छाटणी पंधरा दिवस मागं ढकलून बघितली असती,” ते म्हणाले. मग कपाटातून वही काढून त्यांनी यंदाच्या छाटणीची तारीख मला वाचून दाखवली.